गाठ पक्की हवी, पण कायमची नको

कच्चं कातडं तसंच ठेवलं तर दोन-तीन दिवसांत कुजायला लागतं. त्याच कातड्याची कोल्हापुरी चप्पल मात्र वर्षानुवर्षं पायात राहते. रबराच्या झाडाचा चीक सुकवला तर तो उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक पडतो, पण त्याच रबराचा टायर भर मे महिन्यात पुणे-नाशिक रस्त्याच्या तापलेल्या डांबरावर मालाने भरलेला ट्रक पेलतो. जिलेटिनची जेली जिभेवर ठेवली की वितळते. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी सर्जन त्याच जिलेटिनचा स्पंज शरीरात ठेवून टाके घालतात, तेव्हा तो ३७ अंशांतही वितळत नाही. चार ते सहा आठवड्यांनी तो आपोआप नाहीसा होतो.

तिन्ही ठिकाणी मूळ पदार्थ बदललेला नाही. मग बदललं काय?

या कोड्याचे दोन धागे पुणे जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यात सापडतात. खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि बाभळीच्या सालीबरोबर ते कातडं कमावायला पूर्वापार वापरलं जातं. याच तालुक्यात चाकणची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे ब्रिजस्टोनच्या कारखान्यात २०१३पासून टायर तयार होतात. डोंगरातला हिरडा आणि वसाहतीतला टायर यांच्यामागे एकच युक्ती आहे. रसायनशास्त्रात तिला क्रॉसलिंकिंग म्हणतात. जखम भरणारी पट्टी, हृदयाची झडप, हाडातली पोकळी भरणारा तुकडा, डोळ्याच्या बुबुळावरचा उपचार, या सगळ्यांच्या मुळाशीही तीच आहे. फरक एवढाच, की टायरला आणि चपलेला टिकायचं असतं, तर शरीरात ठेवलेल्या पदार्थाला बहुतेक वेळा ठरलेल्या मुदतीत निघून जायचं असतं.

साखळ्या आणि गाठी

रबर, कातडं, जिलेटिन, रेशीम हे सगळे पॉलिमर आहेत. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या किंवा मोजक्या प्रकारच्या छोट्या रेणूंची लांबलचक साखळी. अशा लाखो साखळ्या एकमेकींवर नुसत्या पडलेल्या असतील, तर ताप किंवा पाणी मिळताच त्या एकमेकींवरून घसरतात. पदार्थ वितळतो किंवा विरघळतो.

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशी, चिखली, रावेतकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींभोवती बांबूची परांची बांधलेली असते. बांबूंचा नुसता ढीग कुणाचंही वजन पेलणार नाही. जिथे आडवा बांबू उभ्याला छेदतो तिथे दोरीने आवळलेली गाठ असते आणि त्या गाठींमुळेच ढिगाचा सांगाडा होतो. पॉलिमरच्या दोन साखळ्यांमधला असा सांधा म्हणजे क्रॉसलिंक. गाठी वाढवल्या तर सांगाडा ताठ होतो, पण आतून ये-जा करायची जागा कमी होते. गाठी कमी ठेवल्या तर जागा मिळते, पण सांगाडा डुगडुगतो. आणि भिंत उभी राहिली की परांची उतरवावी लागते, म्हणजे गाठी सुटणाऱ्याही हव्यात.

अशा जाळ्याच्या पॉलिमरला पाण्याची ओढ असेल, तर जाळं पाणी शोषून फुगतं, पण गाठींमुळे विरघळत नाही. तेच हायड्रोजेल. त्यात कित्येकदा ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शरीराच्या मऊ भागांतही पाणीच जास्त असल्यामुळे पेशींना अशी जागा ओळखीची वाटते. पेशींना चढायला, पसरायला आणि नवा ऊतक विणायला दिलेल्या सच्छिद्र आधाराला स्कॅफोल्ड म्हणतात.

किती ताठ सांगाडा चांगला, याचं एकच उत्तर नाही. २००६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मूळपेशी वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, मध्यम जेलवर स्नायूपेशींसारख्या आणि कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. म्हणजे गाठी किती मारल्या यावरून पेशी आपण काय व्हायचं हेसुद्धा काही अंशी ठरवते.

कच्चा माल निसर्गाचा

वैद्यकात वापरले जाणारे नैसर्गिक पॉलिमर तसे परिचयाचेच आहेत. कोलॅजेन हे आपल्या त्वचेतलं, हाडांतलं आणि अस्थिबंधांतलं मुख्य प्रथिन. औषधांसाठी ते सहसा गाई-गुरांच्या किंवा डुकरांच्या कातड्यातून मिळवतात, आणि कोलॅजेनची वीण उलगडली की जिलेटिन मिळतं. अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून येतं. कायटोसान कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून बनवतात. हायलुरॉनिक आम्ल आपल्या सांध्यांत, डोळ्यांत, त्वचेत असतं. आता ते जिवाणूंकडून तयार करून घेतात. रेशमाच्या कोशात फायब्रॉइन नावाचं प्रथिन असतं.

शरीर यांना सहसा परकं मानत नाही आणि यांतल्या बहुतेकांना कापणारी विकरं (एन्झाइम) त्याच्याकडे असतात. हाच गुण अडचणीचाही ठरतो. नुसतं हायलुरॉनिक आम्ल त्वचेत टोचलं तर ते दिवसा-दोन दिवसांत मोडून जातं. नुसतं जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळतं. त्यांना काही काळ थोपवून धरायचं काम गाठी करतात.

सैल गाठी: क्षार, टॅनिन

पहिला प्रकार भौतिक गाठींचा. यात साखळ्यांमध्ये नवा पक्का रासायनिक बंध तयार होत नाही. विरुद्ध विद्युतभारांचं आकर्षण, हायड्रोजन बंध किंवा साखळ्यांची नीट रचून झालेली घडी एवढ्यावर जाळं उभं राहतं.

कवळीसाठी दाताचं माप देताना दंतवैद्य जो गुलाबी-पांढरा लगदा तोंडात धरून ठेवायला सांगतात, तो बहुधा अल्जिनेटचा असतो. पूड पाण्यात कालवली की तिच्यातल्या कॅल्शियम सल्फेटमधून कॅल्शियम सुटतं. कॅल्शियमवर दोन धन भार असतात आणि अल्जिनेटच्या साखळीवर ऋण भार. एक कॅल्शियम आयन दोन साखळ्यांना एकाच वेळी धरतो आणि लगदा घट्ट होतो. हे फार लवकर घडलं तर लगदा तोंडात जाण्याआधीच वाटीत घट्ट होईल. म्हणून पुडीत थोडं सोडियम फॉस्फेट घातलेलं असतं. सुरुवातीचं कॅल्शियम ते स्वतःकडे ओढून घेतं, ते संपलं की मगच साखळ्यांची पाळी येते. दंतवैद्याला हवी असलेली दोन-तीन मिनिटं अशी मिळतात.

वाहणाऱ्या जखमेवर लावायची अल्जिनेट पट्टी याच्या उलट चालते. पट्टीचे धागे कॅल्शियम अल्जिनेटचे असतात. जखमेच्या स्रावातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेऊ लागतं, गाठी सैल होतात आणि धाग्यांचं ओलसर जेल बनतं. त्यामुळे पट्टी बदलताना ती जखमेला चिकटून नवी कातडी ओरबाडत नाही. मिठाच्या पाण्याने धुतली की निघते. मात्र अल्जिनेटच्या साखळीला कापणारं विकर माणसाच्या शरीरात नसतं. म्हणून ते शरीराच्या आत ठेवायचं असेल तर साखळ्या आधीच आखूड करून घ्याव्या लागतात, म्हणजे त्या मूत्रपिंडातून बाहेर पडू शकतात.

हिरड्यातलं टॅनिन याच वर्गात मोडतं. टॅनिनच्या एका रेणूवर हायड्रोजन बंध धरू शकणाऱ्या अनेक जागा असतात. तो कोलॅजेनच्या शेजारच्या धाग्यांना एकाच वेळी अनेक ठिकाणी पकडतो. एकेक बंध दुबळा असला तरी सगळे मिळून जिवाणूंच्या विकरांना धाग्याजवळ फिरकू देत नाहीत. कच्चं कातडं साधारण ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात आक्रसतं. वनस्पतीजन्य टॅनिनने कमावलेलं त्याहून १०-२० अंश जास्त सोसतं. चर्मकारांचं हे ज्ञान आता प्रयोगशाळेतही आलं आहे. टॅनिक आम्ल घालून जखमेसाठीची जेल बनवण्यावर जगभर काम चालू आहे.

पक्क्या गाठी: रसायनांनी शिवलेलं जाळं

दुसरा प्रकार रासायनिक गाठींचा. टायर त्याचं ठळक उदाहरण. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला रबर आणि गंधक एकत्र तापवल्यावर रबराचा चिकटपणा जातो हे आढळलं. गंधकाच्या अणूंचे पूल रबराच्या साखळ्यांना कायमचे जोडतात. म्हणूनच जुना टायर वितळवून पुन्हा नवा टायर ओतता येत नाही. टायरसाठी जो गुण, तोच शरीरात दोष ठरू शकतो.

वैद्यकात सर्वांत जास्त वापरलेला जोडणारा रेणू म्हणजे ग्लुटराल्डिहाइड. त्याच्या दोन्ही टोकांना प्रथिनांच्या अमाइन गटांशी जुळणारे हात असतात. एक हात एका साखळीला, दुसरा दुसरीला, आणि गाठ पक्की. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे शल्यविशारद अलेन कार्पेंतिए यांनी प्राण्यांच्या ऊतकांपासून केलेल्या हृदयझडपा यात मुरवायला सुरुवात केली. आजही गुरांच्या हृदयावरणापासून केलेल्या झडपा बहुधा याच द्रावणातून जातात. त्यामुळे त्या सडत नाहीत आणि रुग्णाचं शरीर त्यांना सहसा नाकारत नाही.

रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करायलाही हेच ग्लुटराल्डिहाइड वापरतात. जिवाणूंची प्रथिनं ते एकमेकांना जखडून टाकतं, म्हणून जिवाणू मरतात. त्याचा अंश स्कॅफोल्डमध्ये उरला तर रुग्णाच्या पेशींचंही तेच होणार. शिवाय अशा झडपांवर हळूहळू कॅल्शियम साचतं, विशेषतः तरुण रुग्णांमध्ये. साधारण दहा-पंधरा वर्षांनी झडप बदलण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून सौम्य पर्यायांचा शोध सुरू झाला. कार्बोडायइमाइड नावाचं संयुग एका साखळीवरचा आम्लगट आणि दुसरीवरचा अमाइन गट थेट एकमेकांना जोडून देतं आणि स्वतः गाठीत राहत नाही. त्याचा उरलेला अंश पाण्यात विरघळणारा असतो, धुऊन टाकता येतो. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन ग्लुटराल्डिहाइडपेक्षा पेशींना कितीतरी पटींनी कमी घातक आहे; फक्त ते जुळलं की जेल गडद निळं होतं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरायच्या फिलरमध्ये हायलुरॉनिक आम्लाच्या साखळ्या दुसऱ्या एका जोडरेणूने बांधतात. मग जे दोन दिवसांत जायचं ते सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. फिलर चुकीच्या जागी गेलं तर डॉक्टर हायलुरोनिडेज हे विकर टोचून ते विरघळवतात. गाठ तशीच राहिली तरी साखळीच कापली जाते.

रसायन न घालता: उजेड, उष्णता, विकर

गाठी बांधायला बाहेरून विषारी काही घालावंच लागतं असं नाही. कोलॅजेनचा सुका स्पंज निर्वात पोकळीत शंभरहून जास्त अंशांना चोवीस तास किंवा अधिक काळ ठेवला, की साखळ्यांमधून पाण्याचे रेणू निघतात आणि त्या जागी बंध जुळतात. हा मार्ग स्वच्छ आहे, पण गाठी कमी पडतात. तापमान वाढवलं तर प्रथिनाची मूळ वीणच बिघडते.

प्रकाशाचा उपयोग नेत्ररुग्णालयात बघायला मिळतो. केराटोकोनस या विकारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे फुगत जातो. किशोरवयात तो बहुधा सुरू होतो आणि डोळे सतत चोळण्याने बळावतो. नेत्रतज्ज्ञ ज्याला सी-थ्री-आर म्हणतात त्या उपचारात डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालतात आणि ठरावीक तीव्रतेचा अतिनील प्रकाश सोडतात. मूळ पद्धतीत तो अर्धा तास असतो. रायबोफ्लेविन प्रकाश शोषून ऑक्सिजनला क्रियाशील करतं आणि पडद्यातल्या कोलॅजेनमध्ये नव्या गाठी पडतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या गटाने २००३ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इथे बाहेरचा स्कॅफोल्ड नसतो, रुग्णाच्या स्वतःच्या ऊतकातच गाठी मारल्या जातात. पडद्याची जाडी सुमारे ४०० मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर हा उपचार नेहमीच्या पद्धतीने करत नाहीत, कारण किरण आतल्या नाजूक पेशींपर्यंत पोचू शकतात.

तिसरा मार्ग विकरांचा, आणि त्यात शरीर आपल्यापेक्षा जुनं तज्ज्ञ आहे. बोट कापलं की थ्रॉम्बिन फायब्रिनचे धागे तयार करतं आणि तेरावा घटक नावाचं विकर त्या धाग्यांना पक्कं जोडतं. तेव्हाच रक्ताची गुठळी घट्ट होते. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा फायब्रिन गोंद याच क्रियेवर चालतो.

नको तिथे पडलेल्या गाठी

गाठी आपल्या हिशेबाने पडतातच असं नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये देशातलं पेनिसिलिन १९५०च्या दशकात बनू लागलं आणि पुढे या पट्ट्यात औषधनिर्मिती वाढली. कॅप्सूल भरणाऱ्या प्रत्येक कंपनीला एक जुनी डोकेदुखी माहीत असते. उष्ण, दमट हवेत किंवा अल्डिहाइडचा अंश लागल्यास कॅप्सूलच्या जिलेटिनमध्ये आपोआप गाठी पडतात, कवच पाण्यात विरघळत नाही आणि औषध आतच अडकतं. म्हणून अशा कॅप्सूलची चाचणी घेताना जठरातलं पेप्सिन घालायची मुभा औषधसंहितांनी दिली आहे. औषधं कोरड्या, थंड जागी ठेवा या सूचनेमागचं हेही एक कारण आहे.

मधुमेहातही असंच घडतं. रक्तात वाढलेली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, तेच आपण एचबीए१सी चाचणीत मोजतो. कोलॅजेन वर्षानुवर्षं टिकणारं असल्यामुळे त्याला चिकटलेली साखर पुढे साखळ्यांमध्ये पूल बांधते. रक्तवाहिन्या आणि सांधे ताठरण्याचं, जखम रेंगाळण्याचं ते एक कारण आहे.

पुण्यातले प्रयोग

पिंपरी-चिंचवडपासून जवळच, पाषाण इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर दीर्घकाळ काम झालं आहे. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारा, शेतीसाठीचा 'जलशक्ती' हा पदार्थ तिथलाच. २०१२ साली शायनी वर्गीस यांच्या सॅन डिएगो इथल्या गटाने तुटल्यावर काही सेकंदांत सांधणारं हायड्रोजेल जाहीर केलं. त्या शोधनिबंधात याच प्रयोगशाळेचे रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले हेही सहलेखक होते. ते जेल कृत्रिम पॉलिमरचं होतं, पण त्यातली कल्पना सगळ्या जेलना लागू पडते. साखळीच्या बाजूला पुरेशा लांबीचे लवचीक हात ठेवले तर आम्लात ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि अल्कलीत सोडतात. गाठ बांधणं आणि सोडणं दोन्ही आपल्या हातात येतं.

याच प्रयोगशाळेच्या आवारातून अनुया निसळ यांचं रेशीम-प्रथिनावरचं काम पुढे आलं. रेशमाच्या साखळ्या ठरावीक परिस्थितीत स्वतःच घट्ट घड्या घालून बारीक स्फटिक बनवतात आणि तेच गाठींचं काम करतात. बाहेरचा जोडरेणू लागत नाही. २०१८ साली त्यांच्या गटाने फायब्रॉइनचे सूक्ष्म कण एकत्र सांधून हाडासाठी स्कॅफोल्ड बनवले. ते दाबाला ताठ राहतात आणि सावकाश विरघळतात. हाड भरायला महिने लागतात, म्हणून इथे सावकाशपणा हवाच असतो.

| थोडक्यात |
|---|
| भौतिक गाठी (कॅल्शियम, टॅनिन, रेशमाची घडी): पेशींना सौम्य, सहज सुटणाऱ्या, ताकद बहुधा कमी. |
| रासायनिक गाठी (ग्लुटराल्डिहाइड, कार्बोडायइमाइड, जेनिपिन): पक्क्या, उरलेलं रसायन धुऊन काढणं महत्त्वाचं. |
| उष्णता आणि प्रकाश: बाहेरचा जोडरेणू लागत नाही, मात्रा चुकली तर ऊतकाला इजा. |
| विकरं: शरीराच्या तापमानाला, नेमक्या जागी गाठ, खर्च जास्त. |
| गाठी वाढल्या तर: ताठपणा वाढतो, फुगणं कमी होतं, विरघळायला वेळ लागतो. |

मुदतीचं गणित

गाठींनी मुदत ठरवायची कल्पना नवी नाही. मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट हा टाक्यांचा धागा साधारण आठवडा-दीड आठवडा ताकद धरतो. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सर्जन तो क्रोमियमच्या क्षारात भिजवू लागले आणि ती मुदत दोन-तीन आठवड्यांवर गेली. प्रसूतीनंतर घातलेले आणि काढावे न लागणारे टाके आपल्याकडे बरेचदा याच क्रोमिक कॅटगटचे असत. पुढे १९८०च्या सुमारास अमेरिकेत इओअॅनिस यानस आणि जॉन बर्क यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी कोलॅजेनची कृत्रिम त्वचा केली, तेव्हाही मुख्य प्रश्न तोच होता. स्पंज लवकर विरघळला तर नव्या पेशींना आधार उरत नाही आणि जखम आक्रसून व्रण पडतो. तो फार टिकला तर शरीर त्याला परका समजून वेढा घालतं. ग्लुटराल्डिहाइडच्या गाठी मोजून मारल्या, तेव्हा स्पंज विरघळण्याचा आणि नवी त्वचा विणली जाण्याचा वेग जुळला.

हा वेग माणसागणिक बदलतो. प्रेस मशीनखाली हाताची कातडी गेलेला पंचविशीतला कामगार आणि वीस वर्षांचा मधुमेह असलेला, पायाची जखम महिनोन् महिने न भरणारा साठीतला माणूस, या दोघांच्या शरीरांचा विणण्याचा वेग एक नसतो. मधुमेहीच्या रेंगाळलेल्या जखमेत तर कोलॅजेन कापणारी विकरं नेहमीपेक्षा जास्त असतात, त्यामुळे तिथे ठेवलेला स्कॅफोल्ड लवकर मोडतो आणि नवी वीण मात्र उशिरा तयार होते. तरीही बाजारात मिळणारी पट्टी दोघांसाठी एकाच घट्टपणाची असते. म्हणून डॉक्टरांनी असा एखादा पदार्थ सुचवला तर तीन प्रश्न जरूर विचारावेत: तो कोणत्या प्राण्यापासून किंवा वनस्पतीपासून आला, किती दिवस टिकेल आणि शरीरातून कसा जाईल? या तिन्हींची उत्तरं रुग्णाच्या जखमेशी जुळतात की नाही, यावरच त्या पदार्थाची निवड ठरायला हवी.